व्हेनिसकडे पाठ करून

शीला आवटे मूळची मिरजेची. तिथल्याच मिशनच्या इस्पितळात नर्सिंग शिकली, तिथेच नोकरीला चिकटली. लग्न झालं, जुईली झाली, आणि पोरगी बोबडं बोलायला लागते न लागते तोच नवरा काविळीनं गेला. सासरच्यांनी हात वर केले. तेव्हा पोरीला आपल्या आईच्या, गंगूबाईंच्या, पदरात टाकून शीला १९९४ साली कुवेतला आली. जाब्रियातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून.

आम्ही तेव्हा महबूलाला, समुद्राजवळच्या एका इमारतीत राहत होतो. माझे यजमान तेलकंपनीत इंजिनीयर. शीलाची नि माझी ओळख दवाखान्यातलीच. पुढे शुक्रवारची सुट्टी ती आमच्याकडे काढायला लागली. आली की आधी ओट्याशी जायची आणि ज्वारीचं पीठ मळायला घ्यायची. "वैनी, तुम्ही बसा. माझ्या हाताची भाकरीची सवय मोडायला नको." हे पुढचं सगळं मला तिनं भाकऱ्या थापता थापता सांगितलेलं आहे. सलग असं कधीच नाही.

१९९८ मध्ये दवाखान्याच्या मालकांचं आपसात बिनसलं आणि एका सकाळी दाराला कुलूप दिसलं. इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, दवाखान्याच्या नावावर. नोकरी गेली की तोही जाणार. शीला अक्षरशः दारोदार फिरली. शेवटी तिच्याच एका रुग्ण बाईची मुलगी, सुरैया नावाची, तिला म्हणाली, "आईला आता घरीच कुणीतरी लागणार आहे. येतेस आमच्याकडे?"

सुरैया तिशीच्या आसपासची, शिक्षण खात्यात अधिकारी, बिनलग्नाची. वडील नव्हते. जाब्रियातल्या त्या दुमजली घरात ती आणि तिची आई, दोघीच. आईला सगळे उम्म यूनुस म्हणत. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखायची रीत आहे. उम्म यूनुस म्हणजे यूनुसची आई.

म्हातारी सत्तरीच्या घरातली, मधुमेहानं पोखरलेली, जिभेनं तिखट. तिचे वडील खजूर आणि मोत्यांचे व्यापारी. त्यांच्याबरोबर लहानपणची काही वर्षं ती मुंबईत राहिलेली, त्यामुळे तिला मुंबईची मोडकी हिंदी यायची. शीला तिला अम्मा म्हणायची. पहिल्याच दिवशी इंजेक्शन टोचून घेताना म्हातारी म्हणाली, "हाथ हलका है तेरा. रह जा."

दिवाणखान्यात एका तरुणाचा मोठा फोटो होता. पांढरा शर्ट, मागे निळं पाणी, हसताना डोळे बारीक झालेले. शीलानं विचारलं, "हे यूनुसभाई का? कुठे असतात?"

"इटली," म्हातारी लगेच म्हणाली. "अभी आएगा."

शीलाला त्यात वावगं काही वाटलं नाही. श्रीमंतांची मुलं असतात परदेशी. सुरैयाच्या गाडीच्या मागच्या काचेवर अरबीत एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती. तशी त्या काळात कितीतरी गाड्यांवर असायची. तिच्यावर 'आमच्या कैद्यांना विसरू नका' असं लिहिलंय, हेही तिला तेव्हा वाचता येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात सुरैयानं सांगितलं, बॅग भर, आपण इटलीला जातोय. शुक्रवारी शीला आमच्याकडे आली ती हवेत तरंगतच. कुणाचा तरी जुना गरम कोट मागायला आली होती. जुलैत कोट लागत नाही, असं मी सांगितलं तर हिरमुसली. "वैनी, खरंच घराच्या दारात पाणी असतं का हो? आणि मग माणसं बाजारात जातात कशी?"

तर अशा त्या आधी मिलानला उतरल्या. तिथल्या दुकानांच्या काचांमध्ये एकच पर्स, जणू देव्हाऱ्यात मूर्ती मांडावी तशी मांडलेली. बायका चपलासुद्धा अशा घालून चालायच्या की रस्ता आपल्यासाठीच धुतला असावा. शीला म्हातारीची चाकांची खुर्ची ढकलत बघत राहायची. मग फ्लॉरेन्स, मग व्हेनिस. व्हेनिसच्या स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की सरळ पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली पाणी. हिरवं, हलणारं, त्यावर नावा. शीलाच्या तोंडून "आई गं" निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वाटलं, आता नावेत बसायचं. पण म्हातारी म्हणाली, "स्टेशन."

तिघी परत स्टेशनात गेल्या. म्हातारीनं फलाटाच्या तोंडाशी एक बाक हेरला आणि गाड्यांकडे तोंड करून ती बसली. एक गाडी आली, माणसं उतरली, पांगली. दुसरी आली. म्हातारी प्रत्येक उतरणाऱ्या पुरुषाच्या चेहऱ्याकडे बघायची. दुपार झाली. शीलानं तिथेच तिला खायला घातलं, तिथेच साखर तपासली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. व्हेनिस पाठीमागे होतं. लोक कुठून कुठून ते बघायला येत होते आणि या तिघी त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

शेवटी कॉफी आणायला म्हणून सुरैया शीलाला बाजूला घेऊन गेली आणि तिनं सांगितलं.

१९९० च्या जुलैत ते चौघंही इथे होते. आई, वडील, यूनुस, सुरैया. यूनुसला नुकतीच बँकेत नोकरी लागली होती आणि त्याची रजा संपत आली होती. त्याला जायचं नव्हतं. म्हणत होता, आजारी आहे म्हणून कळवतो, तुमच्याबरोबर रोमला येतो. पण आई रागावली. नवी नोकरी आहे, असला उनाडपणा चालायचा नाही, मुकाट्यानं जा. मग तो गेला, याच फलाटावरून, मिलानहून विमान पकडायला. जाताना खिडकीतून ओरडून म्हणाला, "यम्मा, पुढच्या महिन्यात सुट्टी जोडून येतो, रोम माझ्याशिवाय बघू नका."

"आणि ऑगस्ट उजाडला, तेव्हा इराकी सैन्य कुवेतमध्ये होतं," सुरैया म्हणाली. "आम्ही इथेच अडकलो. यूनुस घरात एकटा. शेजाऱ्यांनी पाहिलं, त्याला एका बसमध्ये बसवून नेलं. त्यानंतर काही नाही. देश सुटला, आम्ही परत गेलो, अब्बा त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. आई म्हणते, तो येईन म्हणालाय तर इथेच येईल. तिनं त्याला पाठवलं ना इथून."

"पण मॅडम, तुम्हांला काय वाटतं?"

सुरैयानं कॉफीचे कप उचलले. "मला काहीही वाटायला वेळ नाही," ती म्हणाली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात हेच. मिलान, फ्लॉरेन्स, व्हेनिस. रोम कधीच नाही.

२००१ पर्यंत म्हातारीचं विसरणं बरंच वाढलं होतं. सकाळी जेवली हे दुपारी आठवायचं नाही, पण स्टेशनचं मात्र पक्कं. चालायचा हट्ट धरायची, खुर्ची नको म्हणायची. त्या जुलैत फ्लॉरेन्समध्ये ऊन असं की दगडी फरशीतून वाफा याव्यात. सुरैया एका मोठ्या दुकानात गेली होती. शीला म्हातारीला घेऊन कॅथेड्रलच्या सावलीत उभी होती. इंजेक्शन देऊन झालं होतं, आता जेवायला जायचं होतं. समोरच्या इमारतीची कांस्याची सोनेरी दारं, त्यांवर माणसं, झाडं, घोडे कोरलेले. तीन उन्हाळे शीला या दारांवरून गेली होती, पण नजर कायम म्हातारीच्या पावलांवर. त्या दिवशी तिनं मान वर केली. दारावरची एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, आणि ते मूल तिची बट ओढत होतं. शीला ते बघत राहिली. तिच्या मनात आलं, जुईली अशीच ओढायची.

मान खाली केली तर शेजारी म्हातारी नव्हती.

पहिल्यांदा तिनं नुसतं इकडेतिकडे पाहिलं, मग हाक मारली, मग ती धावायला लागली. टोप्या घातलेले पर्यटक, छत्री उंच धरून चाललेला गाईड, काळ्या पायघोळ अबायातली एकही बाई नाही. "ओल्ड लेडी, ब्लॅक ड्रेस," ती दिसेल त्याला सांगत होती. लोक खांदे उडवत होते. ती स्टेशनवर धावली, कारण म्हातारी दुसरीकडे जाणार कुठे? फलाटामागून फलाट पालथे घातले. नव्हती. चामड्याच्या बाजारात शिरली. लटकणाऱ्या पिशव्यांच्या रांगा बाजूला सारत, माणसांना ढकलत. नव्हती. नदीवरच्या जुन्या पुलावर सोनारांच्या दुकानांत डोकावली. नव्हती.

आणि सगळा वेळ डोक्यात एकच. इन्सुलिन शरीरात गेलंय, पोटात अन्न नाही. साखर उतरत चालली असेल. आधी घाम, मग थरथर, मग बोबडी वळते, मग माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि झोपेतच जातो. ग्लुकोजच्या पुड्या शीलाच्या खांद्याला लटकलेल्या पिशवीत, म्हातारी कुठल्या गल्लीत.

सुरैया दुकानातून बाहेर येतच होती. शीलाच्या चेहऱ्याकडे पाहून तिच्या हातातलं सगळं खाली पडलं. "कुठे आहे? कुठे आहे ती?"

"मॅडम, मी वर बघत होते. एक क्षण."

सुरैयानं तिचे दंड धरून तिला गदागदा हलवलं. भर रस्त्यात. "भाऊ गेला, बाप गेला. माझ्याकडे एवढीच उरली होती, आणि तू वर बघत होतीस?" मग एकदम हात सोडून ती पोलिसाकडे पळाली.

शीला पुन्हा कॅथेड्रलपाशी आली. जिथून हरवली तिथूनच परत सुरुवात करायची, असं इस्पितळात चावी हरवली की त्यांची मेट्रन सांगायची. म्हातारी हळू चालणारी, फार लांब जाणार नाही. मग ती एकेका गल्लीत शिरून एकेक दार बघायला लागली. मोठ्याने देवाचं नाव घेत होती आणि रडत होती, असं ती सांगते. आणि मागच्या बाजूच्या एका अरुंद गल्लीत, शर्टांच्या एका जुन्या दुकानात, खुर्चीवर तिला काळा अबाया दिसला.

गळ्यात टेप अडकवलेला दुकानदार तोंडावर बोट ठेवून म्हणत होता, हळू, हळू, झोपलीय. त्याला बिचाऱ्याला वाटलं, उन्हानं दमलेली आजी. म्हातारीचा चेहरा घामानं निथळत होता आणि मान एका बाजूला पडली होती. शीलानं गुडघ्यावर बसून तिचं तोंड उघडलं. गिळता येईना एवढी शुद्ध हरपली होती. बोटानं ग्लुकोज हिरड्यांवर चोळत राहिली, गालाच्या आत चोळत राहिली. "अम्मा, अम्मा, गिळ, माझे आई, गिळ." मराठीतच. दुकानदार घाबरून पाणी घेऊन आला, मग दारात जाऊन मोठ्याने कुणाला तरी हाका मारायला लागला.

पापण्या हलल्या. म्हातारीनं डोळे उघडले, शीलाकडे पाहिलं आणि गल्ल्याकडे बोट करून अडखळत म्हणाली, "गला देखो. उसका गला बराबर है?"

गल्ल्यावर एक पांढरा शर्ट उलगडून ठेवलेला होता. यूनुससाठी. बारीक अंगाच्या, तेवीस वर्षांच्या मुलाच्या मापाचा.

सुरैया पोलिसाला घेऊन आली तोवर म्हातारी उठून बसली होती, दुकानदारानं आणलेला गोड रस पीत होती. सुरैयानं तो शर्ट बांधून घेतला, बाहेर आली आणि भिंतीला टेकून उलटी केली. मग शीलाचा हात धरला आणि हॉटेलपर्यंत सोडला नाही.

पुढचे दोन उन्हाळे त्या कुठेही गेल्या नाहीत. एकदा म्हातारीच्या पायाला जखम झाली, आणि २००३ मध्ये तर शेजारी लढाईच पेटली. आम्ही दारंखिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसलो होतो. बगदाद पडलं आणि त्यानंतर इराकमधल्या वाळवंटात खड्डे उकरायला सुरुवात झाली. कुवेतहून नेलेली माणसं त्यांतून निघू लागली. घरच्यांचं रक्त घेऊन हाडांशी ताडून बघायचे. सुरैयानं तिचं रक्त कधीच देऊन ठेवलं होतं. २००४ च्या वसंतात तिला बोलावणं आलं.

यूनुस सापडला. सुलैबिखातच्या कबरस्तानात सरकारी इतमामानं त्याला पुरलं. त्या दिवशी शीलानं म्हातारीला मागच्या अंगणातल्या कोंबड्यांना दाणे घालायला बसवलं होतं, भेटायला येणारी माणसं दिसू नयेत म्हणून.

"तिला कळता कामा नये," सुरैयानं बजावलं. "आणि इटलीसुद्धा आता बंद. आता तिथे कोण आहे?"

पण म्हातारीच्या अंगात ऋतू भिनलेला. मे लागला, हवा तापली, तशी ती रोज सकाळी अबाया घालून, हातात पिशवी घेऊन दिवाणखान्यात येऊन बसायला लागली. "टिकट हुआ?" नाही म्हटलं की जेवण ढकलून द्यायची. गोळ्या थुंकायची. सुई घेऊन गेलं की शीलाच्या मनगटाला चावायची. "मेरेको रोकता है तुम लोग. वो खड़ा होगा उधर. अकेला." सुरैयानं समजावलं, ओरडली, डॉक्टर आणले. म्हातारी वाळत चालली. शुक्रवारी शीला माझ्याकडे आली तेव्हा तिच्या मनगटावर दातांचे व्रण होते. पीठ समोर घेऊन ती तशीच बसून राहिली.

"ती उपाशी मरणार, वैनी," शीला म्हणाली. "आणि तो वाट बघत असेल आणि मी पोचले नाही, असं मनात घेऊन मरणार. सांगून टाकलं तर निदान रडून मोकळी तरी होईल."

"तुझी नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे गेली तर."

दुसऱ्या दिवशी सुरैया कचेरीत गेल्यावर तिनं म्हातारीसमोर जमिनीवर बसून तिचे पाय मांडीवर घेतले आणि सांगितलं. अम्मा, यूनुसभाई स्टेशनवर नाहीत. ते कधीच गेले, तिकडे इराकात. त्यांना घरी आणलंय. इथेच आहेत, सुलैबिखातला.

म्हातारी किंचाळली नाही. मग तिनं विचारलं, "हाथ बाँधे थे?"

शीलाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "नाही अम्मा. नव्हते बांधलेले."

मग म्हातारीनं टाहो फोडला. वलीदी, वलीदी, माझ्या लेकरा. मीच पाठवलं, मीच रागावले. तिनं आपलं तोंड बडवून घेतलं, शीलानं तिचे हात धरून ठेवले, दोघी जमिनीवर आडव्यातिडव्या झाल्या. शेवटी दमून ती शांत झाली. शीलानं भरवलेला भात तिनं निमूट खाल्ला आणि झोपली. किती तरी दिवसांनी अशी गाढ. शीलाला वाटलं, सुटलो.

दुपारनंतर म्हातारी उठली. तोंड धुतलं, अबाया चढवला, पिशवी घेतली आणि दिवाणखान्यात येऊन बसली. "टिकट हुआ?"

संध्याकाळी सुरैया आली तेव्हा शीलानं स्वतःच सगळं सांगून टाकलं. सुरैया पांढरीफटक पडली. "कुणाला विचारून? तू कोण आहेस आमची?" मग थंड आवाजात, "सामान बांध. उद्या तुझं तिकीट काढते." आणि तरीही सकाळी तिनं आधी आईला जवळ घेतलं. तिला वाटत होतं, परक्या बाईनं मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं म्हणून ते आत उतरलं नाही. तिनं कुराणातल्या आयती म्हटल्या, आईचे हात हातात घेतले, नीट, आपल्या भाषेत सांगितलं. म्हातारीनं अगदी तोच प्रश्न विचारला. हात बांधले होते का? सुरैयानं सगळे कागद वाचले होते. ती म्हणाली, "नाही, यम्मा." पुन्हा तोच टाहो, तसंच तोंड बडवणं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. आणि दिवस कलायच्या आत पुन्हा अबाया, पुन्हा पिशवी.

तिसऱ्या सकाळी म्हातारीनं मुलीला विचारलं, "यूनुसची काही खबर?" सुरैयानं शीलाकडे पाहिलं, बुडणारा काठाकडे पाहतो तसं.

"गाडी लेट आहे, अम्मा," शीला म्हणाली. "आधी खाऊन घे."

म्हातारीनं घास घेतला. शीलाच्या तिकिटाचा विषय परत कुणी काढला नाही. आणि जुलैत त्या व्हेनिसला गेल्या, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं.

पुन्हा तोच फलाट. म्हातारी आता हाडांचा सापळा. गाड्या येत होत्या, जात होत्या. पहिल्या दिवशी ती माणसांचे चेहरे बघत होती. दुसऱ्या दिवशी कबुतरांकडे बघायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं शीलाची ओढणी ओढली. "हम किसका राह देखता?"

शीलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "यूनुसभाईंची, अम्मा."

"कौन यूनुस?"

इतकी वर्षं शीला मनात म्हणत आली होती, देवा, हिला हे विसरू दे. आता ती विसरली होती. शीलानं मागे पाहिलं. सुरैया हातात पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं.

म्हातारी उठली, काठी टेकत वळली आणि उजेडाच्या दिशेनं चालायला लागली. शीला तिच्या मागे. पायऱ्यांवर येऊन म्हातारी थांबली. समोर पाणी, पाण्यावर होड्या, खलाशांचा आरडाओरडा. तिचा चेहरा एकदम फुलला. "अरे," ती म्हणाली, "ये तो बंबई है!" आणि आपले वडील कुठल्या धक्क्यावर असतील ते शोधायला लागली. शीलानं तिला नावेत बसवलं. दोन्ही काठांवरून महाल सरकत गेले, गुलाबी, पिवळे, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे. म्हातारी पाण्यात हात घालून खिदळत होती. शीला म्हणते, "वैनी, शेवटी मी व्हेनिस बघितलं. पण डोळ्यांत काही राहिलं नाही बघा. मला सारखं वाटत होतं, ती पोरगी तिथे फलाटावर एकटी आहे."

परतल्या तेव्हा सुरैया त्याच बाकावर बसलेली होती. गाड्यांकडे तोंड करून.

"मॅडम, चला."

"थांब," सुरैया म्हणाली. तिनं नजर काढली नाही. "एवढी एक गाडी बघून जाऊ."

त्यानंतर एक गाडी आली, आणि आणखी एक. शेवटी शीलानं तिला काखेत हात घालून उठवलं, रोग्याला उठवतात तसं.

उम्म यूनुस पुढच्या वर्षी हिवाळ्यात गेली, जाब्रियातल्या घरातच, झोपेत. तिला अंघोळ घालणाऱ्या बायकांत शीलाही होती. सुरैयानं तिला नोकरी बदलायचे कागद करून दिले, म्हणाली, इथेच एखाद्या क्लिनिकमध्ये लाग, मी बोलते. माझ्या यजमानांनीही एक जागा शोधली होती. पण शीला थांबली नाही. "मला त्या बाकाची भीती बसलीय," ती म्हणाली. "पोरीला मी, ती तीन वर्षांची असताना, 'येते लवकर' म्हणून सांगून आलेय."

ती गेल्यावर आमचं फोनवर बोलणं व्हायचं. मिरजेत तिला जुन्याच इस्पितळात काम मिळालं. पण घरात जुईली तिच्याशी बोलायची ती पाहुण्यांशी बोलावं तशी. "तुम्ही जेवलात का? तुम्हांला चहा ठेवू का?" आईला कोण अहोजाहो करतं? गंगूबाई नातीला दटावायच्या, "अगं, आई हाय ती तुझी." पोरगी मान डोलवायची आणि पुन्हा तुम्ही. शीला मला म्हणायची, "वैनी, म्हातारीनं मनगटाला चावलं होतं ना, त्यानं इतकं दुखलं नव्हतं."

असे बरेच महिने गेले. मग एकदा तिचा फोन आला. आवाज बसलेला, रडून रडून. मी घाबरलेच. विचारलं, काय झालं?

जुईलीला शाळेच्या सहलीला जायचं होतं आणि शीलानं नाही म्हटलं होतं. पोरगी भडकली. दप्तर भिरकावलं, भांडी आपटली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडली, "इतकी वर्षं कुठं होतीस तू? आता कशाला आलीस तू? तू जा परत!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय," शीला म्हणाली. "दाराला कडी लावून आत बसलीय. जेवली नाही." तिनं नाक ओढलं. "पण वैनी, 'तू' म्हणाली मला. तीनदा."